मांडीचा विश्वास

मातेच्या मांडीहून निर्भय असे स्थान या जगात दुसरे नाही, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. उत्तानपादाच्या मांडीवर बसू दिले नाही म्हणून बाळ ध्रुव अरण्यात गेला. आपल्याकडे मांडी ही केवळ बसण्याची जागा नव्हे. ती मायेची आणि अधिकाराची खूण आहे. मग तिच्याविषयी शंका घेण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. ते प्रयोजन विमानाने आणून दिले आहे.

ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या काळापासून मराठी घराणी नांदत आहेत. त्यांची कुळदैवते मात्र दूर राहिली. कोणाचे जेजुरीस, कोणाचे कोल्हापुरास, कोणाचे गोमंतकात. नातवाचे जावळ काढावयाचे, त्यास देवाच्या पायांवर घालावयाचे, तर पूर्वी आगगाडीचा लांबचा प्रवास ठरलेला असे. महाराजपूरच्या विमानतळाची नवी इमारत मार्च २०२४ मध्ये खुली झाली, आणि आता अनेक कुटुंबे आकाशमार्गाचा विचार करतात. दोन वर्षांखालील मुलास वेगळे आसन घेण्याची सक्ती नाही. अल्प भाड्यात ते आईबापांच्या मांडीवर बसून जाते. नियमाने परवानगी दिली, मायेने मांडी दिली. मग प्रश्न उरतो कोठे?

तो उरतो हातांच्या बळापाशी. विमान हवेच्या खळग्यात एकाएकी खाली गेले, अथवा धावपट्टीवर जोराने आदळले, तर शरीराचा भार क्षणमात्र कैक पटींनी वाढतो. चौपट झाला असे धरले, तरी दहा किलोचे मूल चाळीस किलोचे होते. तो भार नुसत्या कवेत कोण धरून ठेवील? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे एक विमान कोसळले. त्यातील २९६ जणांपैकी ११२ दगावले. मांडीवरची चार मुले त्यात होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे आयांना सांगण्यात आले की, मुलांना पायांशी खाली ठेवा आणि धरून राहा. आदळताक्षणी त्यांतील काही धरवली नाहीत. चौघांपैकी एक मूल गेले. त्या मातांची माया उणी पडली असे म्हणण्याचे धाडस कोण करील? माया पुरी होती. हात अपुरे होते.

यानंतर अमेरिकेच्या अपघात-चौकशी मंडळाने आग्रह धरला की, प्रत्येक बालकास स्वतःचे आसन व बंधन असावे. तेथील विमान-खात्याने २००५ मध्ये ही सक्ती नाकारली. त्याचे कारण निर्दयपणाचे नव्हते. भाडे वाढले तर कित्येक कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्त्यावर विमानाहून अधिक मुले मरतील, असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब आम्हांस खोटा वाटत नाही. परंतु तो राज्याचा हिशेब आहे. राज्य अनेकांचा विचार करते, आणि त्याने तसाच तो करावा. आईबापांसमोर मात्र एकच मूल असते. कायदा ज्याची सक्ती करीत नाही, त्यातून आपले कर्तव्यही सुटले, असा अर्थ काढणे ही आपलीच चूक होय.

या बाबतीत भागवताच्या दशम स्कंधातील यशोदा आम्हांस आठवते. मांडीवरचा कृष्ण एकाएकी इतका जड झाला की तिला तो धरवेना. तिने त्यास भूमीवर ठेवले, आणि वावटळीच्या रूपाने आलेल्या तृणावर्ताने त्यास आकाशात उचलून नेले. साक्षात यशोदेचे हात थकले, तेथे आपल्या हातांचा गर्व कशास? ग्वाल्हेरीच्या फुलबागेत जिची समाधी आहे, त्या राणी लक्ष्मीबाईने १८५८ च्या एप्रिलात झांशी सोडली, तेव्हा लोकस्मृतीप्रमाणे तिने दत्तक पुत्रास पाठीशी बांधले होते. घोडदौडीत हात सुटेल हे त्या वीरमातेने ओळखले. शौर्यात हाताची मर्यादा जाणणेही येते. आणि त्या पुत्राचे नाव काय, तर दामोदर; ज्याच्या उदरास दावे बांधले तो!

बांधणे म्हणजे मायेचा अभाव, असे आपल्या मनास वाटते. मूल वेगळ्या आसनात पट्ट्यांनी बसवले की ते रडते, आणि जवळ घेण्यावाचून आईला चैन पडत नाही. परंतु ‘मी धरले आहे’ या समाधानात मुलाच्या रक्षणापेक्षा आपल्या मनाची शांती अधिक असू शकते. ते पारखून पाहावे. ज्यांची ऐपत आहे, त्यांनी मुलासाठी वेगळे आसन व विमानात चालणारी बालखुर्ची घ्यावी. ज्यांची नाही, त्यांस दोष देणे आम्हांस मान्य नाही. त्यांनी बालकासाठी मिळणारा जोडपट्टा मागून घ्यावा. स्वतःचा पट्टा मात्र दोघांभोवती मिळून कधीही आवळू नये, कारण धक्क्यात मोठ्या माणसाचा सारा भार मुलावर येतो. जोडपट्ट्यानेही पूर्ण अभय मिळत नाही. युरोपात तो वापरतात. अमेरिकेत उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी त्यास मनाई आहे.

यशोदेचे दावे दर वेळी दोन बोटे अपुरे पडले. जाणते सांगतात की, त्यांतील एक बोट आपल्या प्रयत्नाचे आणि दुसरे देवाच्या कृपेचे. दुसरे बोट आपल्या हाती नाही. म्हणूनच पहिले पुरे करण्यात कुचराई नसावी, आणि ते पुरे करून मग देवाचे नाव घ्यावे.