ग्रामसभा सहावीतच संपते

"सोपा विषय हाय जी. पाठ केला की झालं." नागरिकशास्त्राबद्दल विचारलं, तर गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीकडच्या एका शाळेत दहावीच्या मुलांनी हेच सांगितलं. ग्रामसभा वर्षातून किती वेळा होते, यावर भराभर हात वर झाले. ग्रामसभेत जाऊन कोण बसलंय, यावर वर्ग गप्प. शेवटी एक मुलगी उठली. "ते मोठ्यांचं काम. आमचं नाव यादीत नाही ना!"

कायद्याने तिचं बरोबर आहे. मतदार यादीत नाव असेल तोच ग्रामसभेचा सदस्य. पण अठरा पूर्ण होईपर्यंत आपण गावाचे कुणी नाही, हा विषय फक्त गुणांपुरता, असं ती धरून चालली आहे. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही समजूत आपणच तिच्या गळी उतरवली आहे. स्थानिक शासन संस्था आपण सहावीत शिकवतो, मूल जेमतेम ११-१२ वर्षांचं असताना. सातवीत संविधान, आठवीत संसद, नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे. गावात कोण कुणाशी कशावरून भांडतंय हे पोरांना कळू लागतं, तोवर पुस्तकातून गाव निघून गेलेलं असतं. दहावीत निवडणूक प्रक्रियेचा धडा आहे. पण २०२४ च्या लोकसभेला अर्जुनी मोरगावात मतदान दुपारी ३ ला संपलं आणि गोंदियात ६ पर्यंत चाललं, ते का? नक्षलग्रस्त भाग म्हणून, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. वर्गात मात्र त्यावर चर्चा होत नाही. पेपरात येत नाही ना.

हीच मुलं मे महिन्यात पहाटे मायसोबत जंगलात जातात. तेंदूची पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे, सांजच्याला फडीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. मुंशीने वहीत किती लिहिले, हे पोरगी वाकून बघते, कारण मायला वाचता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर देवरी तालुक्यातल्या काही गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि तिथल्या ग्रामसभा स्वतः पानं विकू लागल्या. पानं कुणाला द्यायची, कोणत्या भावाने, मजुरी कधी वाटायची, हे गाव बसून ठरवतं. त्यात चुकलं तर या पोरीच्या शाळेच्या बॅगेचे पैसे अडतात. एवढं सगळं जिला ठाऊक, तिला आपण 'ग्रामसभेची कार्ये लिहा' विचारतो आणि चार मुद्दे आले की दोन गुण देतो.

सामाजिक शास्त्रात अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळेच्याच हातात असतात. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की मुलं खाऊ घेऊन घरी जातात, आणि पुष्कळ गावांत त्याच दिवशी ग्रामसभा असते. या गुणांसाठी दहावीच्या मुलांना तिथे मागे बसू द्या. मत नको, हात वर करणं नको. फक्त ऐकावं आणि कोण काय बोललं, काय ठरलं, किती बाया हजर होत्या, ते आपल्या वहीत लिहावं. पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीकडून इतिवृत्त मागून दोन्ही ताडून पाहावं. फरक निघाला तर सरपंचांना विचारावं. काही सरपंचांना हे आवडणार नाही. शाळेवर दबावही येईल. मुख्याध्यापकांनी तेव्हा मुलांच्या बाजूने उभं राहावं, एवढीच माझी विनंती आहे.