सहलीच्या यादीत कोण आहे?



मुलांच्या परीक्षा संपत आल्या की आपल्या धर्मग्रामातील घराघरांत मे महिन्याच्या सहलीचे बेत शिजू लागतात. परवा आम्ही एका घरी घर-आशीर्वादासाठी गेलो होतो. आशीर्वाद झाला, चहा आला आणि घरच्या कर्त्या पुरुषाने मोठ्या उत्साहाने एक कागद आमच्यापुढे ठेवला. पाच दिवस, अकरा ठिकाणे. पहिल्या दिवशी लोणावळा आणि कार्ले-भाज्याची लेणी. मग पाचगणी, महाबळेश्वर. तेथून कोल्हापूरमार्गे आंबोली, चौथ्या दिवशी जुने गोवे आणि पाचव्या दिवशी गोव्याहून थेट वसई. "फादर, काही राहिले असेल तर सांगा," तो म्हणाला.

बेत चांगला होता. डोंगरावरची गावे पाहावीत, जुने अवशेष पाहावेत, मुलांनी मोबाईलमधून डोके वर काढावे, हे आम्हांला मनापासून पटते. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर मुलांना जरूर न्यावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बौद्ध लेण्यात दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत एक अत्तरविक्या आहे. तेथील दार घडवणाऱ्या एका सुताराचेही नाव आहे. योसेफ नाझरेथमध्ये लाकूड तासत होता, त्याच काळाच्या थोडे मागेपुढे हा आपल्या सह्याद्रीतला सुतार काम करीत होता.

पण कागदात दोन गोष्टी खटकल्या. चौथा दिवस रविवार होता. त्याच्यापुढे 'बॉम जेझू: अर्धा तास, फोटो' असे लिहिले होते. मिस्साचा उल्लेख नव्हता. दुसरी गोष्ट आम्ही विचारली तेव्हा कळली. गाडी सात जणांची, घरात माणसे आठ. आजी कोपऱ्यात बसून होती. ती म्हणाली, "मी घर सांभाळीन. कोंबड्यांना कोण बघणार?" सर्वांनी माना डोलावल्या. आजीने आपण होऊनच प्रश्न सोडवल्यामुळे सर्वांना हायसे वाटले होते, हे लपत नव्हते.

संत लूकच्या शुभवर्तमानात (२:४१-५२) एका कुटुंबाचा प्रवास आहे. नाझरेथहून यरुशलेम, जाताना शंभराहून अधिक किलोमीटर आणि तेवढेच परत, तेही बहुतेक पायी. यार्देनच्या खोऱ्यातली वाट धरली तर यरीहो लागे. जुन्या यरीहोचा मातीचा ढिगारा त्या काळीही प्राचीनच होता. तेथून यरुशलेमपर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटरांत हजार मीटरांची चढण. म्हणूनच यात्रेकरूंच्या ओठी आरोहण-स्तोत्रे असत, स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४. डोंगर आणि भग्नावशेष पवित्र कुटुंबालाही नवे नव्हते.

आणि या कुटुंबाच्या हातूनही मूल हरवले! ते का हरवले, हे लूक स्पष्ट सांगतो. तो सोबतच्या लोकांत असेल असे समजून आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले. यात निष्काळजीपणा म्हणावा असे फारसे काही नाही. मरियेला वाटले असेल, पोर बापाबरोबर आहे. योसेफाला वाटले असेल, आईबरोबर आहे. तत्त्वज्ञान शिकताना 'गृहीतक' हा शब्द आम्ही फार वापरला. घरात तो फार महाग पडतो, हे मात्र नंतर कळले.

तेही आमच्याच हातून. काही वर्षांपूर्वी आम्ही लोकांना घेऊन जुने गोवे येथे गेलो होतो. संत ऑगस्टीनच्या मनोऱ्यापाशी बस थांबवली, वीस मिनिटे दिली, मग घाईने माणसे मोजली. मोजणी आम्ही स्वतः केली. बस निघाली. दहा-बारा मिनिटांनी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "माझी आजी कुठे आहे?" परत गेलो तेव्हा ती म्हातारी भिंतीच्या सावलीत एका दगडावर बसली होती. ती शौचालय शोधत गेली होती. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत सर्व चर्चेस होती, एवढी एक गोष्ट नव्हती. तिने आम्हांला चार शब्द सुनावले आणि पुढचे दोन रविवार मिस्सानंतर आमच्याकडे पाहिलेही नाही. तिचे बरोबर होते.

त्या मनोऱ्याविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण मुलांना तेथे घाईत काही कळत नाही. ऑगस्टीनियन संघाचे ते भव्य चर्च १५९७ ते १६०२ या काळात उभे राहिले. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ साली इराणात हुतात्मा झाली, तिचे अवशेष येथे आणून ठेवले होते. ते या पडक्या भिंतींतच उत्खननात सापडले आणि २०२१ साली त्यांतील एक भाग भारताने जॉर्जियाला दिला. पण आमच्या मनात राहतात ती दुसरी दोन वर्षे. १८३५ साली सरकारी हुकुमाने संन्यस्तांना मठ सोडावा लागला. १८४२ साली छत कोसळले. शत्रूची तोफ नाही, भूकंप नाही. माणसे गेली, कौले फेरणारे कोणी उरले नाही, आणि सात पावसाळ्यांत एवढे मंदिर खचले. आज जांभ्या दगडाचा अर्धामुर्धा मनोरा तेवढा उभा आहे, उंची सुमारे ४६ मीटर.

आपल्या वसईच्या किल्ल्यातही अशी पडकी चर्चेस आहेत. ती आपण इतकी पाहतो की आता दिसत नाहीत.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटले आहे. त्या घरी चहा पिताना आम्हांला ती दोन वर्षे आठवली आणि आम्ही आजीला विचारले, "तुम्हांला कुठे जावेसे वाटते?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लग्नानंतर एकदा गोव्याला शवदर्शनाला जायचे ठरले होते. तेव्हा पहिले पोर लहान होते. राहिले ते राहिले." ते पहिले पोर म्हणजे कागद हातात धरून उभा असलेला आमचा यजमान. त्याने कागदाची घडी घातली.

ज्यांचे बेत चालू आहेत त्यांना आमच्या अनुभवाच्या दोन गोष्टी. घाटात किलोमीटर मोजू नका, तास मोजा. वाईहून पसरणीचा घाट चढताना मुलांना मळमळते, तेव्हा आलेपाक जवळ ठेवा आणि थांबायला वेळ ठेवा. लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वर, सावंतवाडी, सगळीकडे आपली चर्चेस आहेत. मिस्साची वेळ निघण्यापूर्वीच फोन करून विचारा.

मंगळवारी त्या घरून फोन आला. अकरा ठिकाणांची सहा झाली आहेत, आंबोली गळली, गोव्यात दोन मुक्काम आहेत आणि रविवारी सकाळचे मिस्साबलिदान सर्वांत आधी लिहिले आहे. मोठी गाडी भाड्याने पाहत आहेत. कोंबड्या शेजारीण बघणार आहे. आजीने अजून हो म्हटलेले नाही. तिची अट आहे, गाडी दर दोन तासांनी थांबली पाहिजे, आणि ती कुठे थांबणार हे तिला आधी सांगितले पाहिजे.