विसंबणाऱ्यांचे देणे

ज्यांचे बालपण माझ्याप्रमाणे ह्या शहरात गेले, त्यांस मनमाडचे स्थानक एका विशेष कारणाने आठवत असेल. मुंबईकडील गाडी साडेपाच फुटी रुळांवरून तेथवर येई. तेथे उतरावयाचे, आणि निजामांच्या राज्यात १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या एक मीटर रुंदीच्या मार्गावरील दुसऱ्या, लहानशा गाडीत बसून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, यावयाचे. दोन्ही मार्ग आपापल्या परीने निर्दोष होते. दोष होता तो त्यांच्या सांध्यात, आणि त्या दोषाचा भार मात्र दोहोंपैकी एकाही मार्गाने कधी वाहिला नाही. तो वाहिला हमालांनी, आणि कडेवर मूल व हातात वळकटी घेऊन फलाट ओलांडणाऱ्या बायाबापड्यांनी. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आमचा मार्ग रुंद झाला आणि ती यातायात संपली. मीही ती विसरून गेलो होतो. तिची आठवण मला करून दिली ती अगदी निराळ्याच व्यवसायात असलेल्या माझ्या भाच्याने.

हा भाचा पुण्यास एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पुष्कळ वाचकांच्या घरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच, आणि तो दिवसभर नेमके करतो काय, हे त्यास विचारण्याचे धैर्य त्यांसही माझ्याप्रमाणेच झाले नसेल. गेल्या दिवाळीत तो चार दिवसांसाठी आला तो सुकलेल्या चेहऱ्याने, आणि मी प्रथमच विचारले. त्याच्या सांगण्यातून मला जे उमगले ते असे. आपण ज्याला एक प्रोग्रॅम समजतो तो एक ग्रंथ नसून एक ग्रंथमाला असते. प्रत्येक ग्रंथाचे भांडार वेगळे. त्यास हे लोक रेपॉझिटरी म्हणतात. एका भांडारातील मजकूर दुसऱ्यातील मजकुराचा आधार घेतो, दुसरा तिसऱ्याचा. प्रत्येकाच्या नव्या आवृत्त्या आपापल्या वेळी निघत असतात. आवृत्तीचा क्रमांक बहुधा तीन अंकांचा असतो, आणि त्या अंकांत एक प्रकारचे वचन असते. शेवटचा अंक बदलला तर केवळ एखादी चूक दुरुस्त झाली असे समजावे. मधला बदलला तर जुन्यास धक्का न लावता काही नवे घातले आहे. पहिला बदलला तर मात्र सावध व्हावे, कारण पूर्वीची वचने आता पाळली जातीलच असे नाही.

माझ्या भाच्याने बदलला होता तो शेवटचा अंक. त्याच्या कंपनीने पतसंस्थांसाठी एक व्यवस्था तयार केली आहे. तीत तारखांचा हिशेब ठेवणारा एक लहानसा भाग आहे, आणि इतर सर्व भाग त्यावर विसंबून आहेत. कोणी चुकीची तारीख दिली तर हा भाग पूर्वी मुकाट्याने रिकामे उत्तर देई. ही उघड चूक होती. भाच्याने ती सुधारली. आता तो भाग चूक झाल्याचे स्पष्ट सांगू लागला. सुधारणा सर्वस्वी योग्य होती. परंतु दुसऱ्या एका भांडारात, कित्येक वर्षांपूर्वी कोणीतरी, त्या रिकाम्या उत्तरावरच आपला डोलारा उभा केला होता. शनिवारी संध्याकाळी एका गावातील पिग्मी गोळा करणाऱ्या माणसांची यंत्रे बंद पडली. दिवसभर दुकानोदुकानी फिरून जमवलेले पैसे त्यांच्या पिशवीत होते, आणि नोंद कोठेच होत नव्हती. त्यांतल्या एकास रात्री दहा वाजता एका भाजीवालीने सर्वांदेखत चोर म्हटले. भाच्याने रात्रभर जागून सर्व पूर्ववत् केले. पण मला सांगताना तो म्हणाला, ‘‘मामा, माझे चुकले काय, तेच मला कळत नाही. चूक तर मी दुरुस्त केली.’’

प्रश्न नीतिशास्त्राचा आहे आणि वाटतो तितका सोपा नाही. चूक सुधारणे हे कर्तव्य, ह्याविषयी दुमत नाही. परंतु जिच्यावर लोक विसंबले आहेत अशी चूक ही नुसती चूक राहते काय? तिच्या भोवती माणसांचे व्यवहार रुजतात, आणि मग ती चूक उपटताना माती सुटून येते. भाच्याच्या व्यवसायात एका अमेरिकन अभियंत्याच्या नावे ह्याच अर्थाचा एक नियम प्रसिद्ध आहे. वापरणारे पुरेसे वाढले म्हणजे तुमच्या कृतीच्या प्रत्येक दृश्य गुणधर्मावर, तो तुम्ही कबूल केलेला असो वा नसो, कोणी ना कोणी विसंबून राहतोच, असे तो नियम सांगतो. क्रमांकाचा अंक लिहिताना भाच्याने ‘ह्याने कोणाचे काही मोडणार नाही’ असे वचन दिले, ते स्वतःच्या समजुतीवरून. मोडले की नाही हे ठरविण्याचा अधिकार मात्र ज्याचे मोडते त्याचा असतो.

कोणी म्हणेल, मग विसंबणाऱ्याने विसंबावेच का? ज्याने रिकाम्या उत्तरावर घर बांधले तो दोषी नाही काय? ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि २०१६ च्या मार्च महिन्यातील एक हकीकत त्यास बळकटी देते. एका तरुण प्रोग्रामरने अवघ्या अकरा ओळींचे एक लिखाण सार्वजनिक भांडारात फुकट ठेवले होते. शब्दाच्या डावीकडे हवी तितकी रिकामी जागा भरणे, एवढेच त्याचे काम. दुसऱ्याच एका लिखाणाच्या नावावरून एका कंपनीशी त्याचा तंटा झाला. भांडाराच्या चालकांनी कंपनीची बाजू घेतली. तो रागावला आणि आपली सर्वच लिखाणे त्याने काढून घेतली. त्या अकरा ओळींबरोबर जगभरच्या असंख्य प्रकल्पांची उभारणी अडली. शेवटी चालकांनी दोन-अडीच तासांत त्याचे लिखाण त्याला न विचारता परत ठेवले, आणि पुढे काढून घेण्याचे नियमही कडक केले. माझ्या मते त्या तरुणास काढून घेण्याचा हक्क पुरेपूर होता. अशा फुकट लिखाणाबरोबरच्या परवान्यांत बहुधा लिहिलेलेच असते की, आम्ही कसलीही हमी देत नाही. शेजाऱ्याच्या भिंतीस टेकून माडी चढवावयाची, शेजाऱ्याचे नावही विचारावयाचे नाही, आणि त्याने भिंत पाडली म्हणजे त्यास अधर्मी म्हणावयाचे, हा न्याय नव्हे.

परंतु हक्क संपतो तेथे औचित्याचा प्रश्न सुरू होतो, आणि भाच्याची गोष्ट त्या तरुणाहून वेगळीही आहे. त्याचे विसंबणारे अनोळखी नव्हते. एकाच कंपनीत, दोन टेबले सोडून बसत होते.

ह्यावर एक उपाय एकत्र कुटुंबाचा आहे. गूगल कंपनीने आपले जवळजवळ सर्व लिखाण, सुमारे दोनशे कोटी ओळी, एकाच भांडारात ठेवले असल्याचे २०१६ मध्ये तिच्याच अभियंत्यांनी प्रसिद्ध केले होते. तेथे ज्याला मुळातील काही बदलावयाचे असेल त्याला आपल्या बदलाने कोणाचे काय मोडते हे ताबडतोब दिसते, आणि सर्व ठिकाणची दुरुस्ती एकाच वेळी करता येते. सासरी मिठाची बरणी ज्या सुनेने हलविली तिनेच घरात सर्वांस सांगावे, तसे हे. पण आपण जाणतोच की, एकत्र कुटुंबे टिकावयास कर्ता पुरुष सधन व खंबीर लागतो, आणि सारे जग काही एका वाड्यात राहू शकत नाही. चुली वेगळ्या झाल्यावर काय करावयाचे, हाच खरा प्रश्न.

तेव्हा मी भाच्यास इंग्लंडातील ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गोष्ट सांगितली. तिचे रूळ सात फुटांहून थोडे अधिक रुंद, इतरांचे चार फूट साडेआठ इंच. तिने कित्येक वर्षे पुष्कळ मार्गांवर तिसरा रूळ टाकून ठेवला होता, जेणेकरून रुंद व अरुंद दोन्ही गाड्या त्याच वाटेने जाव्यात. १८९२ च्या मे महिन्यात, उरलेला रुंद मार्ग हजारो कामगार लावून एका शनिवार-रविवारी अरुंद केला गेला. तो पराक्रम सर्वांस आठवतो. तिसरा रूळ कोणास आठवत नाही. भाचा हसला व म्हणाला, ‘‘मामा, आम्ही हेच करावयास हवे होते. जुने उत्तर व नवे उत्तर दोन्ही काही दिवस चालू ठेवावयाचे, एकेकास नव्याकडे आणावयाचे, जुने कोणी मागत नाही अशी खात्री पटली म्हणजे ते काढावयाचे. तीन आवृत्त्या लागतात. मी एकीत उरकले.’’

तिसरा रूळ खर्चाचा असतो, हे येथे कबूल केले पाहिजे. आणि तो कायमचा राहिला तर जुन्याचे लाड होतात. २०२१ च्या डिसेंबरात, नोंदी ठेवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका फुकट लिखाणातील भयंकर छिद्र उघडकीस आले. लिहिणाऱ्यांनी दुरुस्त आवृत्ती थोड्याच दिवसांत दिली, परंतु अनेकांनी जुनी सोडली नाही. तेथे धर्म विसंबणाऱ्यांनी मोडला. तेव्हा देणाऱ्याने वाट पाहावी हे जितके खरे, तितकेच घेणाऱ्याने ती अमर्याद पाहावयास लावू नये हेही.

मी हे सर्व इतक्या शांतपणे लिहीत आहे, ते खरे म्हणजे मला शोभत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर असताना तर्कशास्त्राचे एक जुने पाठ्यपुस्तक मी हट्टाने काढविले. त्यात अनुमानाच्या प्रकरणात ढोबळ चुका होत्या. त्या आजही दाखवून देईन. नवे पुस्तक नेमले, परिपत्रक निघाले, मी समाधान पावलो. पुढच्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावाहून एक बहिःस्थ विद्यार्थिनी मला भेटावयास आली. तिच्या हातात ते जुने पुस्तक होते, वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेले, थोरल्या बहिणीकडून आलेले. ते तिने अक्षरशः पाठ केले होते, चुकांसकट. प्रश्नपत्रिका नव्या पुस्तकावर होती. ती नापास झाली होती, आणि घरी तिला त्या एका वर्षापुरतीच सवलत होती. मी तिला म्हणालो, ‘‘परिपत्रक तर काढले होते.’’ तिने मान हलविली. ‘आमच्याकडे आले नाही’ असेही ती म्हणाली नाही. नुसते पुस्तक पिशवीत ठेवले.

माझेही, भाच्याप्रमाणेच, चूक सुधारण्यात काही चुकले नव्हते. ते पुस्तक कोणाच्या घरी आहे, हे मी कोणास विचारले नव्हते, एवढेच.

यंदा एका प्रश्नपत्रिकेची रचना पुन्हा बदलावयाची आहे. जुनी व नवी दोन वर्षे समांतर चालू ठेवावी, असे मी बैठकीत सुचविले. एका सहकाऱ्याने रास्त शंका काढली: दुप्पट काम कोणी करावयाचे, आणि जुन्या पुस्तकावर अजून किती विद्यार्थी विसंबून आहेत? टेबलाभोवतालच्या नऊ जणांपैकी कोणालाच ते सांगता आले नाही. काम मी पत्करले आहे. तालुक्याच्या महाविद्यालयांस व परीक्षा केंद्रांस पत्रे टाकली आहेत. आतापर्यंत चार उत्तरे आली आहेत.