उत्तरसूचीतली कोरी जागा

डीएनएतले नियंत्रक नमुने, म्हणजे मोटिफ, शोधणारे नवे सॉफ्टवेअर आले की त्याच्यासोबत एक तक्ता येतोच. त्यात जुन्या साधनांची नावे असतात, त्यांचे आकडे असतात आणि नव्याच्या नावापुढे ठळक अक्षरांत सर्वांत मोठा आकडा असतो. ‘९५ टक्क्यांहून अधिक अचूक’ हे बिरुद मग अनुदानाच्या अर्जांत आणि बातम्यांत मिरवत राहते. आकडा सहसा खोटा नसतो, पण तो कशावर मोजला हे कुणी विचारत नाही. साधा हिशेब करून पाहू. मानवी जीनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. त्याचे हजार-हजार अक्षरांचे तुकडे केले तर ते ३० लाख भरतात. समजा, एखादे नियंत्रक प्रथिन त्यांपैकी २० हजार तुकड्यांना चिकटते. साधनाने त्यातले ९५ टक्के, म्हणजे १९ हजार पकडले आणि उरलेल्यांपैकी अवघ्या एक टक्क्याला चुकून ‘हो’ म्हटले, तरी चुकीचे ‘हो’ जवळपास ३० हजार होतात. साधनाने बोट दाखवलेल्या दर पाच जागांपैकी तीन फुकट! याच साधनाची चाचणी निम्मे खरे, निम्मे खोटे तुकडे घेऊन केली तर अचूकता ९७ टक्के दिसते. साधन तेच, चुकाही त्याच. फक्त प्रश्नपत्रिका सोयीची निवडलेली.

हा मोह आजचा नाही. प्रिब्नाव यांनी १९७५ मध्ये जिवाणूंच्या जनुकांआधी येणारा, आज TATAAT असा लिहिला जाणारा नमुना दाखवला, १९८२ मध्ये स्टॉर्मो आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक स्थानावरच्या प्रत्येक अक्षराला वजन देण्याची रीत आणली, १९९३ मध्ये लॉरेन्स यांच्या गटाने गिब्ज सॅम्पलिंग हे सांख्यिकीय तंत्र वापरले आणि १९९४ मध्ये बेली व एल्कन यांचे ‘मीम’ हे साधन आले. या काळात मूल्यमापन म्हणजे माहीत असलेले उत्तर पुन्हा काढून दाखवणे. ई. कोलाय या जिवाणूचे सीआरपी प्रथिन जिथे चिकटते ते डीएनएचे १०५ अक्षरांचे १८ तुकडे हा तर ठरलेला धडा होता. २००० मध्ये पेव्झनर आणि झे यांनी निराळे आव्हान दिले: ६०० अक्षरांच्या २० यादृच्छिक तुकड्यांत १५ अक्षरांचा एकच नमुना लपवायचा, पण दर वेळी त्यातली चार अक्षरे बदलायची. त्या वेळची नावाजलेली साधने इथे अडखळली आणि नव्या अल्गोरिदमांची रीघ लागली. ते योग्यच झाले. मात्र इथे उत्तर लपवणाऱ्याला प्रत्येक जागा ठाऊक होती, आणि खऱ्या जनुकाच्या बाबतीत अशी खात्री कुणालाच नसते.

ही अडचण उघड्यावर आली ती २००५ मध्ये, मार्टिन टॉम्पा आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त छापलेल्या तुलनेमुळे. तिचे सार बहुतेक जण एका वाक्यात सांगतात: तेरा साधनांची परीक्षा झाली, सगळी जवळपास नापास ठरली, त्यातल्या त्यात ‘वीडर’ पहिले आले. माझ्या मते हे वाचन चुकीचे आहे आणि आजच्या गुणतक्त्यांचे मूळ याच वाचनात आहे. परीक्षा कशी झाली ते जवळून पाहू. ५६ संच होते आणि त्यांपैकी चार मुद्दाम रिकामे ठेवले होते. तिथे शोधण्याजोगे काहीच नव्हते. प्रत्येक साधन त्याच्या जाणकारानेच चालवले. एका संचाला जास्तीत जास्त एक नमुना सांगायचा आणि खात्री नसेल तर ‘काही नाही’ म्हणायचे. वीडर सावधपणे चालवले गेले होते. सर्वांत ठळक नमुने तेवढे कळवले, बाकी ठिकाणी मौन पाळले. ही गोष्ट त्या लेखातच नोंदलेली आहे. म्हणजे पहिला क्रमांक अल्गोरिदमाइतकाच तो चालवणाऱ्याच्या विवेकालाही होता. ‘इथे काही नाही’ हे उत्तर म्हणून मान्य करणारी परीक्षा, हे त्या तुलनेचे खरे योगदान. गुणवत्ता यादी वाचणाऱ्यांनी नेमके तेच वगळले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उत्तरसूची ‘ट्रान्सफॅक’ या संग्रहातून घेतली होती, म्हणजे कुणीतरी प्रयोगशाळेत तपासून छापलेल्या जागांमधून. ज्या जागा कुणी तपासल्याच नाहीत, त्या सूचीत कोऱ्या राहिल्या आणि गुण देताना कोरे म्हणजे ‘नाही’ असे धरावे लागले. साधनाने अशी एखादी खरी जागा शोधली असती तरी तिचे गुण कापलेच गेले असते. आपले आकडे जपून वाचावेत, असे लेखकांनी बजावले होते. २००७ मध्ये सांडवे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की यातल्या बऱ्याच संचांत, रूढ प्रतिमाने वापरून, खऱ्या जागा आसपासच्या मजकुरापासून वेगळ्या काढताच येत नाहीत. तिथे कुठलेही साधन हरणारच होते. कमी गुणांतला काही वाटा साधनांचा, काही प्रश्नाचा आणि काही उत्तरसूचीचा होता. २००५ च्या त्या तुलनेने परीक्षार्थ्यांइतकीच परीक्षेचीही झडती घेतली.

यावर एक आक्षेप येतो: हे सगळे जुने झाले, २००७ पासून चिप-सीक्वेन्सिंग आले, प्रथिन कुठे चिकटते ते आता थेट मोजता येते. मोजता येते, हे खरे. पण मोजणीत सापडणारा पट्टा शेकडो अक्षरांचा असतो, तो एका प्रकारच्या पेशीतला असतो आणि चिकटणे म्हणजे नियंत्रण नव्हे. यकृताच्या पेशीत कोरी दिसणारी जागा मेंदूच्या पेशीत भरलेली असू शकते. शिवाय, डीप लर्निंगची नवी प्रतिमाने एकाच जीनोममधल्या जनुकांची तुलना उत्तम करतात. पण माणसामाणसांतल्या अक्षरभेदांमुळे एखादे जनुक अधिक चालेल की कमी, याची दिशाही ती अनेकदा चुकतात, हे २०२३ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मधल्या दोन अभ्यासांनी दाखवले. गुण भरघोस मिळाले, ते वेगळ्याच प्रश्नाला.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: क्रमवारीच नसेल तर प्रयोगशाळेतल्या संशोधकाने साधन निवडायचे कशावरून? क्रमवारी जरूर असावी, पण तिच्यासोबत तीन उत्तरे सक्तीची असावीत. ‘नाही’चे नमुने कुठून आणले? साधनाला गप्प बसण्याची मुभा होती का? आणि न तपासलेल्या जागा कशात धरल्या? शोधनिबंधांच्या परीक्षकांनी ही तीन उत्तरे नसलेला तक्ता परत पाठवावा. वाचकांनीही ठळक अक्षरांतल्या आकड्याआधी तीच शोधावीत. ती सापडली नाहीत तर तो आकडा जाहिरात समजून सोडून द्यावा.