मार्ग ठरवणारा आकडा

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा सुटा तुकडा, सर्वांत जवळच्या वाटेने जाते असे सर्रास सांगितले जाते. मात्र ही जवळीक कशाने मोजली, हे सांगायचे राहून जाते. सर्वांत जवळची वाट शोधण्याची, संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांची 1959 साली प्रसिद्ध झालेली रीत अभ्यासकांना पाठ असते. ती हाती आलेल्या आकड्यांची बेरीज अचूक करते, पण ते आकडे कोणी व कशावरून दिले याची दखल घेत नाही. म्हणून हिशेब आणि मोजमाप यांची गल्लत होऊ देता कामा नये.

भारतात एकाच शहरातल्या, उदाहरणार्थ बेंगळुरूतल्या, दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधला मजकूर परदेशातून फिरून येई, आणि हा फेरा टाळण्यासाठी 2003 साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिथे हिशेब चुकला नव्हता. कंपन्यांची जाळी परस्परांना जोडलेलीच नसतील, तर नकाशात नसलेली वाट कोणतीही रीत काढू शकत नाही.

यावर काहींचे म्हणणे असे की, मोजमाप क्षणाक्षणाच्या वस्तुस्थितीला धरून ठेवले की प्रश्न मिटतो. हा आग्रह प्रथमदर्शनी रास्त वाटतो. किंबहुना मोजमापाला महत्त्व देणाऱ्याने तो उचलूनच धरायला हवा. परंतु आर्पानेट या अमेरिकेच्या, इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यात 1979 पासून प्रत्येक जोडणीवरचा प्रत्यक्ष विलंब मोजून मार्ग ठरू लागले, तेव्हा वर्दळ वाढताच सारे राउटर, म्हणजे पॅकेटे पुढे धाडणारी यंत्रे, तुंबलेली जोडणी एकदमच सोडत, ती रिकामी दिसताच पुन्हा तिच्यावरच लोटत, आणि दोन्ही वाटा आळीपाळीने निकामी होत. अखेर 1987 मध्ये या आकड्याच्या चढउताराला मर्यादा घालावी लागली.

तेव्हा राउटरांनी एकमेकांशी जुळणारे निर्णय घ्यायचे असतील, तर थोडा ढोबळ पण सावकाश बदलणारा आकडाच अधिक उपयोगी, असे मानणे भाग पडते. फक्त तो ढोबळपणा जाणून स्वीकारलेला हवा. एकाच संस्थेच्या जाळ्यात वापरल्या जाणाऱ्या ओएसपीएफ पद्धतीत जोडणीचा भार बहुधा तिच्या क्षमतेवरून ठरतो, आणि अनेक राउटरांत त्यासाठी 100 मेगाबिटचा जुना आधार मुळातच धरलेला असतो; तो व्यवस्थापकाने बदलला नाही, तर 100 मेगाबिटची जोडणी आणि तिच्या दसपट वेगाची जोडणी, दोहोंचा भार 1 इतकाच धरला जातो.