आवक, जावक आणि शीव

"म्हणजे मास्तर, ही तर आमची आणेवारीच झाली की!" हा शेरा मारणारे गृहस्थ सांगोल्याच्या पेठेत भाऊसाहेब या नावाने ओळखले जातात. तलाठ्यापासून मंडल अधिकाऱ्यापर्यंत त्यांची उभी हयात महसूल खात्यात गेली. आणि ज्या तालुक्यात खरीप वारंवार हुलकावणी देतो व रब्बी ज्वारीवर वर्षाची भिस्त ठेवावी लागते, त्या तालुक्यात या शब्दाला काय वजन आहे हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मी त्यांना देवयानी दीर्घिकेभोवती पसरलेल्या अदृश्य वायूची हकिकत मोठ्या उत्साहाने सांगत होतो. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, एकदोन खोचक प्रश्न विचारले, आणि हा निवाडा देऊन ते डाळिंबाच्या लिलावाची चौकशी करण्यास निघून गेले.

आणेवारी म्हणजे काय हे इकडच्या वाचकाला सांगणे नको. शहरी वाचकासाठी इतकेच, की गावाचे पीक पूर्ण पिकाच्या मानाने किती आणे, आणि आताच्या भाषेत किती पैसे, आले हे ठरविण्याची ती सरकारी रीत होय, आणि आकडा ५० पैशांच्या आत आला म्हणजे टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो. आधी नजर आणेवारी होते, म्हणजे उभ्या पिकाकडे पाहून अंदाज बांधला जातो. मागाहून काही मोजक्या शेतांत दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद असा तुकडा आखून, त्यातले पीक कापून, मळून, तोलून, त्या तोलावरून सबंध गावाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडला जातो. भाऊसाहेबांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की खगोलशास्त्रज्ञ एका दिव्याच्या एका किरणावरून लक्षावधी प्रकाशवर्षांच्या विस्ताराचा पंचनामा करतात, आणि वर त्याला शास्त्र म्हणतात. तलाठी तेच करतो तेव्हा मात्र त्याच्या नावाने शिमगा होतो.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची, वायूची व धुळीची अफाट वस्ती, आपली आकाशगंगा ही त्यांतलीच एक, या गोष्टी शालेय पुस्तकांत आल्या असल्याने त्यांवर वेळ दवडीत नाही. त्या पुस्तकांत सहसा न येणारी गोष्ट अशी, की आकाशगंगेत दर वर्षी एक-दोन सूर्यांइतके नवे तारे जन्मास येतात आणि या वेगाने तिच्या तबकडीतला वायू काहीशे कोटी वर्षांतच संपुष्टात यावा. पण हा व्यवहार तर हजार कोटी वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या अर्थी बाहेरून भरणा होत असला पाहिजे. आणि मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांनी उधळलेला वायू दीर्घिकेबाहेर फेकला जाताना दिसतो, त्या अर्थी खर्चही होत असला पाहिजे. साठा आणि ओघ यांतला भेद हा माझा जुना आवडता भेद आहे: साठा म्हणजे किती आहे, ओघ म्हणजे किती येते आणि किती जाते. यांपैकी पहिले मोजणे हे कारकुनी काम आणि दुसरे समजणे हीच खरी विद्या, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. आणि दीर्घिकांभोवतीच्या वायूचा अभ्यास मला प्रिय वाटला तोही त्यात ओघाचा शोध आहे म्हणूनच.

हा वायू इतका विरळ आहे, की त्याने स्वतःच्या प्रकाशाने आपल्या दुर्बिणीत उमटावे ही अपेक्षा बहुतेक ठिकाणी व्यर्थ ठरते. परंतु त्याच्या पाठीमागे, अतिशय दूर, एखादा क्वेसार, म्हणजे एखाद्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा, तळपत असला, तर त्याचा प्रकाश वायूतून पार होताना त्यातील अणू आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा अंश गिळून टाकतात, आणि वर्णपटात त्या त्या जागी काळ्या रेषा पडतात. रेषा किती गडद यावरून त्या वाटेवर अणू किती हे कळते. ती आपल्या जागेवरून किती सरकली यावरून वायू आपल्याकडे येतो आहे की आपल्यापासून दूर जातो आहे, आणि किती वेगाने, हे कळते. हायड्रोजनची मुख्य रेषा १२१५.६७ आंगस्ट्रॉमवर पडते, तर पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या तप्त ऑक्सिजनची जोडी १०३२ आणि १०३८ आंगस्ट्रॉमच्या आसपास. हे सारे अतिनील प्रकाशाचे प्रांत होत. आणि ३००० आंगस्ट्रॉमच्या खालचा प्रकाश आपल्या डोक्यावरचा ओझोन जमिनीपर्यंत फारसा पोहोचू देत नाही, ज्यामुळे आपली कातडी वाचते आणि खगोलशास्त्र अडते. यातून एक विरोधाभास निर्माण होतो. फार दूरच्या वायूच्या याच रेषा विश्वाच्या प्रसरणामुळे ताणल्या जाऊन दृश्य प्रकाशात उतरतात आणि पृथ्वीवरील दुर्बिणींना सहज वाचता येतात. शेजारच्या दीर्घिकांच्या रेषा मात्र अतिनीलातच राहतात, म्हणून शेजाऱ्यांची खबर काढण्यासाठी अवकाशात जावे लागते.

लायमन स्पिट्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४६ सालीच, म्हणजे एकही कृत्रिम उपग्रह उडालेला नसताना, अवकाशातील दुर्बिणीची मागणी लेखी मांडली, आणि आकाशगंगेभोवती तप्त वायूचे आवरण असले पाहिजे हे अनुमान १९५६ साली केले. १९७२ साली उडालेल्या कोपर्निकस उपग्रहावरील अतिनील दुर्बीण त्याच्याच प्रिन्स्टनच्या मंडळींची होती, आणि तिला आकाशगंगेतच त्या तप्त ऑक्सिजनच्या रेषा सापडल्या. पुढे मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी हबल दुर्बिणीत कॉस नावाचा अतिनील वर्णपटमापक बसविला, आणि तेव्हापासून या विषयाला बरकत आली.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. क्वेसार खरोखरच दूर, वायूच्या पाठीमागे आहे, यावर ही सारी इमारत उभी आहे. आणि नेमक्या याच पायाविषयी ज्यांनी आयुष्यभर शंका घेतली त्यांत आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर अग्रभागी होते. हाल्टन आर्प, जेफ्री बरबिज आणि नारळीकर यांचा आग्रह असा, की निदान काही क्वेसार त्यांच्या ताम्रसृतीवरून, म्हणजे रेषांच्या ताणावरून, वाटतात तितके दूर नसून जवळच्या दीर्घिकांतून बाहेर फेकलेले असावेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची १९८८ मध्ये स्थापना झाली ती त्यांच्याच संचालकत्वाखाली. आणि त्याच आयुकातील रघुनाथन श्रीआनंद यांनी दोन फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर २००० साली एका क्वेसारच्या वर्णपटातील शोषणरेषांवरून असे दाखविले, की त्या रेषा पाडणाऱ्या, प्राचीन विश्वातील ढगाभोवतीच्या सूक्ष्मतरंग प्रारणाचे तापमान ६ ते १४ केल्व्हिन, म्हणजे आजच्या २.७ केल्व्हिनहून पुष्कळ अधिक होते. महास्फोटाच्या सिद्धान्ताला ते पोषक, आणि महास्फोट अमान्य असलेल्या संचालकांच्या मताला प्रतिकूल! संस्थापकाच्या विरुद्धचा पुरावा संस्थापकाच्याच छपराखाली निर्वेधपणे तयार व्हावा, ही गोष्ट मला नारळीकरांच्या कोणत्याही सिद्धान्तापेक्षा मोठी वाटते. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले तेव्हा त्यांच्या कथांची आठवण सर्वांनी काढली. या गोष्टीची फारशी कोणी काढली नाही.

तर भाऊसाहेबांकडे वळू. त्यांच्या टोमण्याला पहिले उत्तर सोपे आहे, आणि ते मी त्यांना तेव्हाच द्यावयास हवे होते. कापणीच्या प्रयोगासाठी शेत चिठ्ठीने निवडावयाचे असते ते अशासाठी, की पाटलाच्या विहिरीखालचाच तुकडा दर वेळी तपासणीस येऊ नये; आणि नजर आणेवारीवर कोणाकोणाच्या नजरांचा दाब असतो हे भाऊसाहेबांना मी काय सांगावे? क्वेसार दीर्घिकेमागे कोठे असावा हे मात्र कोणत्याही समितीने ठरविलेले नाही. वशिल्याला इतका कमी वाव असलेली कापणी महसुली दफ्तरात क्वचितच सापडेल.

दुसरे उत्तर तितके सोपे नाही. जेसन टमलिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉसच्या साहाय्याने ४४ दीर्घिका तपासल्या, पण बहुतेक प्रत्येकीमागे क्वेसार सापडला तो एकच. म्हणजे चव्वेचाळीस गावांतून एकेक तुकडा कापून जे गाव कोठेच अस्तित्वात नाही अशा एका सरासरी गावाचे उत्पन्न काढावे तसे हे झाले. माझे स्नेही येथेच दात रोवतात. तरीही २०११ मध्ये त्यातून जे निघाले ते हातचलाखीने निघण्यासारखे नाही: ज्या दीर्घिकांत नवे तारे जन्मतात त्यांच्याभोवती लाखो प्रकाशवर्षे अंतरापर्यंत तो तप्त ऑक्सिजन भरपूर आढळला, निदान एक कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका; आणि ज्यांतली तारेनिर्मिती थंडावली आहे त्यांच्याभोवती तो क्वचितच आढळला. असला ठळक फरक तुकड्यांच्या निवडीचा खेळ म्हणून उडवून लावता येत नाही.

परंतु हा साठा झाला. ओघाचे काय? किरणाच्या वाटेतील ढग आपल्यापासून दूर जातो आहे असे रेषेवरून कळले, तरी तो दीर्घिकेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे रेषा सांगत नाही. अलीकडे असेल तर तो दीर्घिकेत पडतो आहे, पलीकडे असेल तर तीतून बाहेर चालला आहे. आवक आणि जावक यांची नोंद एकाच शाईने, एकाच रकान्यात! यावर उपाय म्हणून पाठीमागचा दिवा सोडून दीर्घिकेतील ताऱ्यांचाच प्रकाश वापरतात, कारण त्याला अडविणारा वायू आपल्या आणि तिच्या मध्येच असला पाहिजे. जवळच्या ४५ ताराप्रसवी दीर्घिकांचे कॉसने घेतलेले वर्णपट अशा रीतीने वाचले गेले, तेव्हा बहुतेकींतून वायू बाहेर धावत असलेला दिसला. जावक अशी पदरात पडते; आवक मात्र क्वचितच सापडते, कारण आत येणारा वायू अरुंद धारांनी येत असावा आणि त्याचा मंद वेग दीर्घिकेच्या स्वतःच्या वायूत मिसळून जातो. आपल्या आकाशगंगेपुरता, वेगवान ढगांचा हिशेब २०१९ मध्ये अँड्र्यू फॉक्स प्रभृतींनी मांडला, त्यात आवक वर्षाला सुमारे अर्ध्या सूर्याइतकी व जावक तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरली. ताळेबंद तेवढ्यानेही जुळत नाही. ताऱ्यांचा खर्च त्याहून मोठा आहे.

आपल्या ॲस्ट्रोसॅटचे येथे काय काम, असे कोणी विचारील. २८ सप्टेंबर २०१५ रोजी उडालेल्या या उपग्रहावर जोडीने बसविलेल्या, सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन अतिनील दुर्बिणींनी अप्रतिम चित्रे घेतली आहेत. परंतु त्यांची वर्णपटाची जाळी पंधराएक आंगस्ट्रॉमच्या आतला फरक ओळखत नाही, आणि सेकंदाला शंभर किलोमीटर धावणारा वायू हायड्रोजनची रेषा हलवितो ती आंगस्ट्रॉमच्या अर्ध्याहूनही कमी. कॉसची सूक्ष्मता पंधरा-वीस किलोमीटरची. म्हणजे कापणी हबलची आणि नजर आणेवारी आपली. पण नजरेला कमी लेखू नये: आयुकाचे कनक साहा व तेजपूरचे अंशुमन बोरगोहाईं यांनी सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये, १३० ते २८० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील ११ निळ्या खुज्या दीर्घिकांच्या दृश्य कडेच्याही बाहेर तरुण ताऱ्यांचे फिके अतिनील पुंजके याच दुर्बिणीने दाखविले, आणि हे पुंजके वायूसह हळूहळू केंद्राकडे सरकत असावेत असे अनुमान काढले. आवकेचा हा एक सुगावा होय, आणि तो वेग न मोजता मिळालेला आहे.

आता देवयानी. ती २५ लक्ष प्रकाशवर्षांवर, आपल्याला इतकी जवळ, की आकाशात तिच्या वायुमंडलाचा विस्तार प्रचंड दिसावा आणि त्यामागे एक नव्हे, अनेक क्वेसार सापडावेत. निकोलस लेनर यांच्या चमूने ४३ क्वेसारांचे वर्णपट वापरून २०२० मध्ये तिच्याभोवतीच्या वायूचा नकाशा काढला. एका गावात त्रेचाळीस तुकडे! भाऊसाहेबांचा आक्षेप येथे गळून पडतो, आणि जवळच्या दीर्घिकांचे महत्त्व तेवढ्यासाठीच आहे. पण माझे स्वतःचे काय होते? या नकाशात वायू सुमारे १३ लक्ष प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेला आहे आणि काही दिशांना २० लक्षांपर्यंत. आतला सुमारे पाच लक्षांचा भाग अधिक गुंतागुंतीचा व अस्वस्थ, बाहेरचा अधिक सारखा आणि तप्त. आकाशगंगेचे आवरणही याच मापाचे असेल, तर दोघींची आवरणे एकमेकींत आत्ताच मिसळलेली असली पाहिजेत. आवक आणि जावक यांना अर्थ येतो तो शीव असते तेव्हा. शीव आखलेली नसताना मधल्या ढगाचा वेग कितीही बिनचूक मोजला, तरी तो कोणाच्या खाती जमा धरावा आणि कोणाच्या खाती खर्ची टाकावा? शिवेवरच्या जमिनीची मोजणी मागून ती मिळत नाही तोवर दोन्ही गावांचे तलाठी तिचा सारा लावीत नाहीत; आम्ही मात्र ओघाचे आकडे दशांशापर्यंत छापतो. अमुक वाटेवर इतका हायड्रोजन आहे, इतका ऑक्सिजन आहे, हे कारकुनी विधान या वादातून शाबूत राहते. ओघाचे विधान राहत नाही.

हबल १९९० पासून वर आहे आणि जून २०२४ पासून एकाच जायरोस्कोपच्या आधाराने चालविली जात आहे; तिच्या २.४ मीटर आरशाला जे क्वेसार मंद पडतात ते पुढच्या, अधिक मोठ्या आरशाच्या अतिनील दुर्बिणीला दिसतील, आणि त्रेचाळीसाच्या जागी काहीशे वाटा मोकळ्या होतील. ती दुर्बीण जेव्हा होईल तेव्हा तिच्याकडून वेगाची अधिक सूक्ष्मता मागावी असे मी आजवर म्हणत आलो असतो. आता मात्र, आधी आणखी क्वेसार मागावेत, आणि तेही देवयानी व आपण यांच्या मधल्या पट्ट्याच्या मागचे, असे वाटू लागले आहे.