केराचा शेजारधर्म

सख्खा भाऊ निवडता येत नाही, तसा शेजारीही निवडता येत नाही. फरक एवढाच, की भाऊ वाटणी मागतो आणि शेजारी विरजण! म्हणूनच बहुधा आपण शेजाराला ‘धर्म’ म्हणतो. पण हा धर्म परदेशी गेला की त्याची कसोटी लागते.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला बिऱ्हाड केलं. हे शहर १९६८ पासून मुंबईची कागदोपत्री बहीण. पण बहिणींचे स्वभाव पाहाल तर एक उत्तर, एक दक्षिण. इथं रविवारी भिंतीला भोक पाडायचं नाही, रिकाम्या बाटल्या पेटीत टाकून खणखणाट करायचा नाही. रविवारची विश्रांती म्हणे थेट राज्यघटनेत! आपल्या चाळीत रविवारी गाद्या झोडपायला बंदी घातली असती तर घटनाच बदलावी लागली असती.

महिन्याभरात आमच्या दाराला एक पाटी लटकली : ‘केरवोखं’. म्हणजे केर काढायचा आठवडा! (शब्द जुळला तो निव्वळ योगायोग.) आपल्या मजल्यावरचा जिना आपण झाडायचा, पुसायचा आणि पाटी समोरच्यांच्या दाराला अडकवायची. झालं! बोलणं नाही, चालणं नाही.

आता तुम्हीच सांगा, खरा शेजारधर्म कोणता? चाळीत माया उदंड. नळावर कितीही भांडणं होवोत, रात्री कुणाचं पोट दुखलं तर सहा जणी ओवा घेऊन हजर. पण जिना कुणाचा? कुणाचाच नाही. प्रत्येकाचा केर उंबऱ्यापर्यंत आपला, उंबऱ्याबाहेर सरकारचा. इथं जिना आरशासारखा. पण त्या आरशात दिसणार कोण, तर आपण एकटेच. मी तर ठरवून टाकलं होतं की, यांच्यात शिस्त आहे, माया नाही.

एका सोमवारी समोरच्या आजीबाईंकडची पाटी आमच्याकडे आलीच नाही. मंगळवारीही नाही. सौ. म्हणाली, “अहो, जरा बघून येऊ या.” बघतो तर कंबरेत उसण भरून बाई अंथरुणावर. कुणाला त्रास नको म्हणून गप्प! त्या जे तोंडाने सांगत नव्हत्या, ते पाटीने सांगितलं. मग वाटलं, ही पाटी म्हणजे नुसता केराचा हुकूम नव्हे, एकमेकांची हजेरीसुद्धा आहे. मायेला लहर लागते. ती आज येते, उद्या विसरते. पाळी मात्र विसरत नाही. पण पाळी चुकली तर दार ठोठावायचं, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं असतं?

सौ.ने मऊ भाताची वाटी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी ती लख्ख घासून, रिकामी परत आली. शेजाऱ्याची वाटी रिकामी पाठवू नये, हे त्यांना कोण सांगणार? पण त्या आठवड्यात त्यांच्या पाळीचा जिना आम्ही झाडला, तोही आम्हाला कुणी सांगितला नव्हता.